दोघांची एक झोळी

ह्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं, त्याच्या पुढल्या वर्षी आम्ही नर्मदा परिक्रमेला निघालो. परिक्रमेचा नवस बोलले होते ते हे. ऑपरेशनला आत न्यायच्या आधी, स्ट्रेचरवर पडल्या पडल्या. मी शेजारी होते म्हणून माझ्या कानावर पडलं. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती पायी फिरायचं, पात्र कुठेही ओलांडायचं नाही, काठावरचे लोक देतील ते खायचं. कित्येक महिन्यांची वाट. मला वाटलं, बरे झाले की विसरतील. विसरले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, चालायला हरकत नाही, चालाच. पण वजन उचलायचं नाही. ना हातात, ना पाठीवर.

आमचं घर धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे. ह्यांनी जन्मभर भाताचे भारे डोक्यावरून खळ्यावर आणलेले. कुणाची म्हैस चिखलात रुतली तरी पहिली हाक ह्यांनाच. अशा माणसाला सांगितलं, सामान बायको घेईल, तुम्ही मोकळे चाला.

मी अंगणवाडीच्या नोकरीतून नुकतीच सुटले होते. आमचा मुलगा वाशिंदला कारखान्यात आहे. त्याने मोठी सॅक आणून दिली. मी त्यात दोघांचं सामान भरलं आणि सरावाला म्हणून आम्ही सकाळचे धसईपर्यंत चालत गेलो. बाजाराचा दिवस होता. स्टॅंडवर ह्यांच्या ओळखीचे दोघं-तिघं बसले होते. त्यातला एक हसून म्हणाला, "काय रे, बायकोला हमाल केलास?"

हे थांबले. माझ्या पाठीवरची सॅक काढून घेतली. मी पट्टा धरून ठेवला, तर हिसका देऊन सोडवला आणि परतीच्या वाटेला लागले. गावाबाहेरच्या मोरीपर्यंत गेले आणि कठड्यावर बसले. ओठ पांढरे पडलेले. मी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवून उभी राहिले. पाणी पिऊन म्हणाले, "नाय जमायचं गो. तुज्या पाठीवर माजं वझं, नि मी हात हलवीत चालायचं. गावागावात लोकं बघणार. नको जाऊ आपण."

मी म्हटलं, "वझं दिसलंच नाय तर?"

मला तेव्हा काहीच सुचलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता म्हणून बोलून गेले.

मग त्या बोलण्याच्या मागे लागले. मोठी सॅक मुलाला परत दिली. जुन्या मांजरपाटाची खांद्याला अडकवायची झोळी शिवली, अंगणवाडीत जाताना न्यायचे तेवढीच. दोघांचं जे काही असेल ते त्यात मावायला हवं. दोन ताटल्यांची एक झाली. तांब्या एक, कंगवा एक, टॉवेल मधून फाडून अर्धा. घोंगडी जड म्हणून काढली आणि माझ्या दोन मऊ साड्या एकावर एक टाचून पातळ गोधडी केली, दोघांच्या अंगावर पुरेल एवढी रुंद. देवाची तसबीर ठेवली होती, तीही शेवटी काढून देव्हाऱ्यात परत नेली. ह्यांच्या गोळ्या तेवढ्या कमी करता येईनात. खोकी फेकली, पाकिटांच्या रिकाम्या कडा कात्रीने कापल्या. हे समोर बसून बघत होते. म्हणाले, "सगळ्यात जड मीच हाय."

"गप बसा," मी म्हटलं, आणि कापत राहिले.

राहिला साड्यांचा प्रश्न. ओली साडी वाळायला वेळ लागतो, आणि जोडीला दुसरी ठेवायची तर झोळी फुगते. सूनबाईने तिचे दोन पांढरे पंजाबी ड्रेस दिले. लग्नानंतर मी साडीशिवाय दारात उभी राहिले नव्हते. घालून ओटीवर आले तेव्हा ह्यांनी मान खाली घातली. मग वर बघून म्हणाले, "चालायला मोकळं वाटंल तुला." त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळलं. मलाही गेलं होतं.

ओंकारेश्वरला संकल्प सोडला आणि निघालो. ती झोळी खरंच कुणाच्या डोळ्यात भरत नव्हती. हे पुढे, मी मागे. एका ताटलीत जेवायचो. आधी हे, मग मी; पुढे पुढे बरोबरच जेवायला लागलो, कारण वाढणारी माणसं खोळंबायची. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एका ताटात कधी जेवलो नव्हतो.

शूलपाणीच्या डोंगरात चढ लागले आणि ह्यांचा दम कमी पडू लागला. एका चढावर हे खाली बसले ते उठेनात. जवळच्या पाड्यावरून माणसं धावत आली. खाटेवर घालून त्यांनी ह्यांना डोंगर उतरवून गाडीरस्त्याला आणलं. खांदे बदलत चालले होते, कुणी नाव-गाव विचारलं नाही. हे खाटेवर डोळे मिटून होते, पण जागे होते. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, धोका टळलाय, पण आता चढायचं नाही. घरी जा. मुलगा रात्रभर प्रवास करून आला. मी झोळी आवरायला घेतली.

"तू कुठं चाललीस?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्याबरोबर. आनी कुठं?"

"नाय. तू चाल. जिथं थांबलो तिथून पुढं."

"परिक्रमा तुमी बोलला होता. मी फक्त सामानाला आले."

"मंग आता सामान कमी झालं," हे म्हणाले. हसले नाहीत.

त्यांनी झोळी खाटेवर ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने आपलं काढू लागले. धोतर, बंडी, गोळ्या, मफलर. मुलगा "बाबा, मी काढतो" म्हणाला, त्याला हाताने थांबवलं. सगळं काढून झाल्यावर झोळी उचलून पाहिली आणि माझ्या खांद्यावर घातली. मी रडत होते. मुलाकडे पाहिलं, तर तो खिडकीकडे तोंड करून उभा.

मी परत त्या चढाला गेले आणि पुढे चालले. पहिल्या मुक्कामाला ताटली पुढ्यात आली तेव्हा घास उतरेना. वाढणारी बाई म्हणाली, "खाओ माताराम." तिच्यासाठी खाल्लं. गोधडी अंगाखाली घालून, तीच दुमडून वर घ्यायला पुरायची, तरी थंडी वाजायची. पण चालताना, खरं सांगते, एक दिवस असा आला की सकाळपासून मला ह्यांची आठवणच झाली नव्हती. नदी होती, वाट होती. संध्याकाळी ते लक्षात आलं आणि घाटाच्या पायरीवर किती वेळ बसून राहिले. फोनवर हे रोज विचारायचे, पाय कसे आहेत. मी सांगायचे, बरे आहेत. त्यांना पुन्हा दवाखान्यात ठेवलं होतं ते मला परिक्रमा पुरी होईपर्यंत कुणी कळू दिलं नाही. तसं ह्यांनीच बजावलं होतं.

घरी आले तेव्हा भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस होते, शेताशेतातून धूर निघत होता. शेजारपाजारची माणसं अंगणात जमलेली. हे ओटीवर बसले होते, सदरा दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा सैल. मला बघून उठले, हळूहळू पायऱ्या उतरले आणि सगळ्यांसमोर माझ्या पायांशी वाकले.

मी मागे सरले. "काय करता हो! उठा."

"मागं नको होऊ," हे म्हणाले. "तुज्या पाया नाय पडत. हे पाय माईच्या काठानं फिरून आलेत. उभी रा."

मी उभी राहिले. त्यांना उठायला वेळ लागला. मुलगा पुढे झाला, पण त्यांनी माझा हात धरला आणि त्या आधाराने उठले.

"टाचा फुटल्यात गो तुज्या," ते म्हणाले. "चल आत. सूनबाय, कोकमाचं तेल तापत ठेव."