गुलमर्गचं हवामान, कर्वेनगरातून

बायको गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेली तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. गुडघा पुढच्या वर्षी असली थेरं चालवून घेणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे शिकायचं तर याच हिवाळ्यात.

मी कर्वेनगरात मागे राहिलो आणि फोनवर हवामानाची तीन ॲप घेतली. आधी नुसतं तापमान बघायचो. मग कळलं, उणे दहा असलं तरी आकाश कोरडं ठणठणीत राहू शकतं, आणि गावात शून्याच्या वर असतानाही बर्फ पडू शकतो. हे कसं काय? मला नादच लागला. पश्चिमेकडून येणारं वारं ओल कुठून आणतं, पाऊस कुठल्या उंचीवर संपतो आणि बर्फ सुरू होतो, हे सगळं मी बाल्कनीत बनियनवर बसून वाचायचो. शाळेत भूगोलात जेमतेम पास झालेला माणूस मी.

तिकडे उतारावर गवत दिसत होतं. जुन्या बर्फाच्या एका पट्ट्यावर पंधरा जण आळीपाळीनं नुसतं उभं राहायला शिकत होते. संध्याकाळी तिचा फोन यायचा. "अहो, काय म्हणतंय तुमचं आकाश?"

तिन्ही ॲपचं एकमेकांशी पटायचं नाही. मी तिला एकच सांगायचो, कोरडं म्हणणारं. मला तिच्या गुडघ्याची भीती वाटत होती. तसं सरळ म्हणालो असतो तर तिनं मला फाडून खाल्लं असतं.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बर्फच नाही तर थांबून काय करू? उद्याचं तिकीट काढा."

मला हवं होतं तेच झालं होतं. तिचा आवाज मात्र इतका पडलेला होता की मला माझीच लाज वाटली.

"थांब," मी म्हणालो. "उद्या दुपारपासून पडणार आहे. भरपूर."

"कशावरून?"

"दोन ॲप सांगतायत."

"कधीपासून सांगतायत?"

"परवापासून."

पलीकडे कुणीतरी चहाला हाका मारत होतं. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिकिटाचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ सुरू झाला. संध्याकाळी फोन आला नाही. किती इंच पडला ते मला ॲपवर दिसत होतं. ती त्यात पडली का, घसरली का, हसली का, हे विचारायला मी चारदा फोन उचलला आणि चारदा खाली ठेवला.