नलूताईंचं न पाहिलेलं गाव

फोन आला तेव्हा मी डब्यात मऊ भात भरत होते. मोरी-सान बोलत होती, नलूताईंच्या मोत्यांच्या पेढीतली सहकारी. "शुभा-सान, आज डबा आणू नका," एवढंच म्हणाली... झाकण हातात धरून मी तशीच उभी राहिले.

त्याला आता पाच आठवडे झाले. कोबेतली आमची मराठी मंडळी भेटायला येतात आणि म्हणतात, नलूताई किती समाधानी होत्या नाही! ऐकलं की माझं डोकं फिरतं. समाधानी कसल्या? या बाईला आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती, ती मिळाली नाही. आणि का मिळाली नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे.

ती गोष्ट म्हणजे एक गाव. फ्रान्समधलं, चाळीस घरांचं. पुण्यात कॉलेजात असताना फ्रेंचच्या बाईंनी मुलींना पत्रमैत्रिणींचे पत्ते वाटले, त्यात नलूताईंच्या वाट्याला ओदेत आली. तिथपासून छत्तीस वर्षं पत्रं चालू. गावाच्या टेकडीवर मध्ययुगातला एक किल्ला. "राजगड डोळ्यांसमोर आणू नकोस हं," नलूताई सांगायच्या, "चार भिंती आणि दीड बुरूज. पण त्याच्या दाराची चावी आमच्या ओदेतच्या स्वयंपाकघरात टांगलेली असते!" गावात दुकान नाही, मंगळवारी आणि शुक्रवारी पाववाल्याची गाडी भोंगा वाजवत येते. हे सगळं त्या अशा सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई परवाच जाऊन आल्यात. एकदा हळदीकुंकवाला म्हणाल्या, "आमच्या गावचा पाववाला रिटायर झाला, आता त्याची सून गाडी आणते." नव्यानेच आलेली एक मुलगी भाबडेपणाने विचारते, "साताऱ्याकडचं का हो गाव?" आम्ही हसून हसून बेजार. नलूताईसुद्धा हसल्या, पण गाव कुठलं ते त्यांनी तिला सांगितलं नाही.

मग गेल्या का नाहीत? अहो, कधी जाणार! लग्न झालं, यजमानांबरोबर कोबेला आल्या. मग यजमानांचं आजारपण, ते गेल्यावर नोकरी. वर्षातून एकदा सलग सुट्टी मिळायची, नेमकं तेव्हाच पुण्याहून कुणीतरी जपान बघायला हजर. "पुढच्या वर्षी," म्हणायच्या. मी चिडायचे. "तुम्ही लोकांची धर्मशाळा काढलीय!" त्यावर उत्तर ठरलेलं. "किल्ला सहाशे वर्षं उभा आहे गं, एक वर्ष आणखी थांबेल." किल्ल्याचं ठीक आहे हो... माणसाचं काय?

अखेर गेल्या वर्षी मीच पदर खोचला. मे महिन्याच्या सुरुवातीच्या सुट्टीचं तिकीट काढायला लावलं. पासपोर्टची मुदत संपत आली होती, तो नवा करून आणला, त्यावर फ्रान्सचा व्हिसा घेतला. ओदेतला फॅक्स गेला. निघण्याआधी चार दिवस मी त्यांचं घर आवरायला गेले. आता माझी एक खोड सांगते. इथे आल्यावर पहिलं वर्ष माझा कचरा सारखा परत यायचा, लाल चिठ्ठी लावून. ते मी इतकं मनाला लावून घेतलं की पुढे आमच्या इमारतीत कचरा वेगळा करण्यात माझा हात धरणारं कुणी उरलं नाही. जपानी शेजारणी मला विचारायला यायच्या! त्या दिवशी नलूताईंच्या टेबलावर जुना पासपोर्ट दिसला. रद्द झालेला, कोपरा कापलेला. शहाणी ना मी! पानं फाडली, जळणाऱ्या कचऱ्यात. फोटोचं पान प्लास्टिकचं, ते न जळणाऱ्यात. जळणारा कचरा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

समुद्रातल्या त्या नव्या विमानतळावर मी पोचवायला गेले होते. काउंटरवरच्या माणसाने नवा पासपोर्ट दोनदा चाळला आणि अतिशय अदबीने विचारलं, जपानात परत येण्याचा परवाना कुठे आहे? तो शिक्का जुन्या पासपोर्टात होता. दोन्ही बरोबर ठेवायचे असतात, हे आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं. परवान्याशिवाय गेल्या असत्या तर इथलं राहणं, नोकरी, घर, सगळ्यावर पाणी. आणि नवा परवाना देणारं ऑफिस सुट्टी संपेपर्यंत बंद.

"कुठे ठेवला असेन गं मी?" नलूताई पर्स उलटीपालटी करत होत्या. "माझाच वेंधळेपणा."

मी बोलले नाही. घशात शब्द आला होता, देवाशप्पथ आला होता... गिळला. नलूताईंनी तिथल्या फोनवरून ओदेतला कळवलं. फ्रेंच मला कळत नाही, पण मध्येच त्यांचा आवाज बारीक झाला, तेवढं कळलं. परतीच्या बसमध्ये म्हणाल्या, "पुढच्या वर्षी." या वेळी मला चिडता आलं नाही.

पुढचं वर्ष कुठलं यायला! थंडीत दुखणं निघालं आणि दोन महिन्यांत आटोपलं. मी रोज डबा घेऊन जायचे. उद्या सांगू, बरं वाटलं की सांगू, असं करत राहिले. भित्री मेली! त्या गेल्यावर ओदेतला इंग्रजीत पत्र लिहिलं, त्यात सगळं कबूल केलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

परवा तिचं उत्तर आलं, फ्रेंचमध्ये. मोरी-सान नलूताईंकडेच फ्रेंच शिकलेली. स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात बसून ती मला ते जपानीत सांगायला लागली आणि मध्येच थांबली. "वाचू ना?" म्हणाली. ओदेतने नलूताईंचं गेल्या मे महिन्यातलं एक पत्र सोबत पाठवलं होतं. नलूताईंनी लिहिलं होतं, "न जळणाऱ्या कचऱ्याची गाडी महिन्यातून एकदा येते. आज पिशवी बाहेर ठेवताना माझाच फोटो आत दिसला. हे काम शुभाचं, इतकं नीट दुसरं कुणी करत नाही. मी तिला बोलणार नाही. बोलले तर ती लाजेने यायची बंद होईल, आणि मला ती यायला हवी आहे."

कॉफी तशीच गार झाली. मोरी-सानने माझ्यासमोर हातरुमाल सरकवला. मला रडू नव्हतं येत, संताप येत होता. नऊ महिने, नलूताई! नऊ महिने तुम्ही माझ्या हातचा घास खाल्लात, "भाजीत मीठ कमी पडलं गं" म्हणालात, आणि हे एवढं पोटात ठेवलंत? एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर. "शुभे, तुझ्यामुळे गेलं माझं गाव," म्हणायचं होतं. तिथल्या तिथे पाय धरले असते तुमचे. आता कुणाचे धरू?