चालत नाही

“मॅडम, खिडकीजवळच्या काकूंना बोलता येत नाय!” दिलीप धावत आला. दिलीप आमचा सटाण्याकडचा वेटर, सहसा न घाबरणारा.

गंगापूर रोडवरच्या एका स्पॅनिश सीफूड रेस्टॉरंटची मी मॅनेजर. टेबलापाशी पोचले तेव्हा काकूंचे ओठ सुजले होते, श्वास घरघरत होता. काका अंबडच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. मुलगा हौसेने दोघांना घेऊन आला होता.

“मी सांगितलं होतं, हिला कोळंबी चालत नाही!” काका ओरडले.

“सर, कोळंबी नव्हतीच. चिकन टाकायला लावलं ना मी,” दिलीप म्हणाला.

दोघंही खरं बोलत होते. त्यांनी मागवलेला पाएया म्हणजे पसरट कढईतला स्पॅनिश भात. तो शिजतो स्टॉकमध्ये, आणि आमचा स्टॉक म्हणजे कोळंबीची डोकी-टरफलं उकळून काढलेलं पाणी. वरची कोळंबी काढली, भातात मुरलेली तशीच राहिली.

“ॲलर्जी आहे का?” मी मुलाला विचारलं.

“हो. म्हणूनच तर चालत नाही.”

ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मुलाने गाडी काढली, मी मागे काकूंना धरून बसले. काका पुढून सारखे “मालती, बोल ना काहीतरी,” म्हणत होते. काकूंनी माझा हात घट्ट आवळला होता. ती पकड सैल पडली तशी मी मुलाला ओरडले, “अजून जोरात!”

हॉस्पिटलमध्ये लगेच इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. “वाचल्या. पण थोडक्यात.” काका मटकन खुर्चीत बसले आणि हमसून रडले. मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी दिलीपला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. पण आधी तोच बोलला, मान खाली घालून. “मॅडम, मला वाटलं काकूंनी कोळंबी सोडली असंल. आमची माय काशीला वांगं सोडून आली ना, ती फोडी बाजूला काढते न् रस्सा खाते.”

यावर काय झापणार? व्रत असो, नावड असो की जिवावरचं दुखणं, आपण सगळ्याला एकच म्हणतो, चालत नाही.

आता आमच्याकडे कुणी तसं म्हटलं की वेटर विचारतो, “खाल्लं तर काय होतं?” काही गिऱ्हाइकं भडकतात. “तुम्हाला काय करायच्यात चौकशा?” म्हणतात. भडकू देत. भडकलेलं माणूस आपल्या पायांनी घरी जातं.