इथे उतरलो

म्हात्रेकाकांची पहिली ओळख मला त्यांच्या अक्षरातून झाली. पेणच्या एका वाचनालयातून मी एक जाडजूड, अभिजात म्हणून नावाजलेली कादंबरी आणली होती. बासष्टाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘इथे उतरलो. नायक अजून अंघोळच करतोय.’ पुढची पाचशे पानं कोरी करकरीत होती.

महिन्याभराने मला रोह्याजवळ धाटावला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पेणहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी नागोठण्याच्या अलीकडे पेन्सिल काढली आणि मांडीवरच्या पुस्तकात तेच दोन शब्द लिहिले, ‘इथे उतरलो.’

“ते तुम्हीच का?” मी विचारलं.

“व्हय,” ते म्हणाले. “मागनं येणाऱ्याला कळायला नको?”

मधुकर म्हात्रे बॉयलरवर होते. मिठागरात राबणाऱ्या घरातले, मॅट्रिकपर्यंत शिकलेले. वाचायचे भरपूर, पण बसमध्येच. वडखळला पुस्तक उघडायचं आणि नागोठणं यायच्या आत काहीतरी घडलं पाहिजे, हा त्यांचा नियम. “माणसाला भेटायला आलो, तर पयले त्याचा पणजोबा कशाला दाखवता?” असं ते लेखकाला समोर बसवल्यासारखे विचारत.

नोकरी सांभाळून मी हौसेने, बाहेरून, मराठी घेऊन एम. ए. करत होते. ती वातावरणनिर्मिती असते, असं मी त्यांना समजावू लागले.

“आमच्या बॉयलरला पण वाफ धरायला वेळ लागतो, पोरी. पण एवढ्या वेळात शिफ्ट संपते.”

घरातलं खरं वाचन शालिनीकाकूंचं, त्यांच्या बायकोचं. त्या लांबलचक कादंबऱ्या चवीने वाचायच्या. मधुमेहाने त्यांची दृष्टी दोन वर्षांत गेली. एक दिवस त्यांनी काकांना ‘ती’ कादंबरी वाचून दाखवायला सांगितली. ‘ती’ म्हणजे बासष्टाव्या पानावर सोडलेलीच.

आठवड्याभराने काका बसमध्ये खुशीत होते. “दोनशे पानं उडवली. पाऊस गाळला, डोंगर गाळला. एक जत्रा होती, ती पण गाळली. गोष्ट कशी सुसाट चाललीय.”

पुढच्या सोमवारी मात्र त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. भिसे खिंड चढताना म्हणाले, “काकू तुझी दोन दिवस बोलत नाय माझ्याशी.”

काकूंनी त्यांना वाचताना मध्येच थांबवून विचारलं होतं, “त्या नायकाच्या मागल्या दारी पारिजातक होता. तो कुठं गेला?”

“असेल गो. त्यानं गोष्टीला काय फरक पडतो?”

“गोष्ट मला पाठ हाय,” काकू म्हणाल्या होत्या. “मला आता कुठंच काय दिसत नाय. त्या पुस्तकात दिसतं. तेवढंच तुम्ही गाळता.”

एवढं सांगून काका मला म्हणाले, “एवढी वर्षं मी लेखकांना शिव्या घातल्या. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाय.”

“पहिल्या पानापासून वाचा,” मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. रोज सकाळी माझ्यापाशी कुरकुरत, पण एक ओळ न गाळता वाचलं. “काल सात पानं नुसतं अंगण,” असा अहवाल मिळायचा. काकू मध्येच विचारत, लुगडं हिरवं म्हणजे कसलं हिरवं? लेखकाने ते सांगितलेलं नसे. मग काका बसमधून भाताची खाचरं निरखत आणि संध्याकाळी काकूंना सांगत, “कापणीच्या आधी पंधरा दिवस असतं, तसलं.” कादंबरी संपायला पाच महिने लागले. स्वतःसाठी आणलेली पुस्तकं मात्र ते पूर्वीसारखीच नागोठण्याला मिटत.

निवृत्तीनंतर दोघं रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात लेकीकडे राहायला गेली. मागच्या हिवाळ्यात रोह्याला काम होतं, तेव्हा कुंडलिका नदीच्या पुलावर ती दोघं मला पाठमोरी दिसली. काकूंचा हात काकांच्या हातात होता आणि काका बोलत होते. पाणी कुठे गढूळ, कुठे निवळ. काठावरची घरं किती, त्यातली कौलारू किती. दगडावर एका पायावर उभा असलेला बगळा, त्याच्या मानेची वळकटी. हाक मारायचं सोडून मी मागे ऐकत उभी राहिले. काका आता पलीकडच्या काठावरच्या पत्र्यांच्या रंगांवर आले होते.

काकूंनी त्यांच्या हातावर थोपटलं. “पुरे आता. बगळा उडाला का, तेवढं सांगा आन् चला. पाय दुखायला लागले माझे.”

काकांनी वाकून पाहिलं. “नाय अजून.”

काकूंनी कठड्यावर हात टेकला. “मग थांबू या जरा,” त्या म्हणाल्या.