कोरडं तोंड

बारवी धरणाच्या रस्त्यावर माझ्या स्कूटरच्या मागच्या टायरमध्ये खिळा घुसला. मी एकटीच होते. खिळा उपटून भोकात रबराची पट्टी दाबली, तेवढ्यात पुढे गेलेले दोन बाइकवाले वळून परत आले.

"मॅडम, हेल्प?"

"नको."

ते हसत तिथेच थांबले. मी पायपंपाने हवा भरली. पट्टीवर थुंकी लावून बुडबुडे येतात का बघायचं होतं, पण भीतीने तोंड कोरडं पडलेलं.

मोळी घेऊन येणारी एक बाई थांबली. "काय रं, तुमचीपन गाडी बसली का?" तिने त्यांना विचारलं आणि स्वतःची थुंकी टायरवर लावली. "नाय जात हवा. नीघ पोरी."

मी निघाले. आरशात ती दिसली, बाइकच्या पुढ्यात मोळी आडवी टाकून बसलेली.