कस्तुराबाईचा केर

कानडी मुलखातल्या मोठ्या शहरात, चामराजपेटेत, कस्तुराबाईला लोक केरवाली म्हणत, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं ते तिला नगरपालिकेची झाडूवाली समजत. समजेनात का! त्यांच्या तिजोरीत नसेल एवढं सोनं तिच्या टोपलीतल्या मातीत असे. ती झारेकरीण होती. सोनारांच्या दुकानातला केर, शेगडीची राख, पाय पुसायच्या पोत्याची धूळ विकत घ्यायची, घरी नळाखाली लाकडी काथवटीत धुवायची आणि तळाशी चमकेल ते सोनं पाऱ्यानं गोळा करायचं, हा निपाणीहून नवऱ्याबरोबर आलेला धंदा. नवरा गेला, धंदा राहिला.

चिकपेटेमागच्या गल्लीतले अकरा सोनार तिचे. कोण गिऱ्हाइकाच्या सोन्यात तांबं मिसळतो, कोणाची नजर अधू झाली म्हणून कीस जास्त सांडतो, हे तिला त्यांच्या बायकांआधी कळे. पण त्यातला शब्द तिच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. आणि सोनारही तिला सोन्याचा केर म्हणून नुसती माती विकत नसत. मनुष्य एक वेळ शिवी खाऊन घेईल, पण केर खोटा म्हटलेला कुठलाही सोनार सहन करणार नाही. केर खोटा म्हणजे माणूसच खोटा.

फॅशनसुद्धा तिला केरातूनच समजायची. पन्नासच्या सुमाराला खड्यांच्या दागिन्यांचं वेड होतं, तेव्हा केरात लाखेचे तुकडे आणि माणकांच्या कपच्या यायच्या. मग बायकांना गोठ-पाटल्या जड होऊ लागल्या. विमानाच्या कारखान्यातल्या इंजिनियरांच्या बायका सिनेमातली नटी पाहून यायच्या आणि तसलीच बारीक साखळी मागायच्या. साखळ्या यंत्रावर झालेल्या, मुंबईहून येणाऱ्या. त्यांचा कीस मुंबईतच सांडायचा. साठ साल उजाडेपर्यंत चिकपेटेत गिलिटाच्या बांगड्या आणि प्लॅस्टिकची लाल कर्णफुलं टांगली गेली. "ह्यात काय धुवायचं? रंग?" असं म्हणून कस्तुराबाई त्या दुकानांसमोरून नाक मुरडून जायची.

पण एका दुकानाचा केर कधी पातळ झाला नाही. ते हणमंतरावांचं. बेळगावकडचा माणूस, वाटीपासून वज्रटीकेपर्यंत सगळं हातानं घडवणारा, जिभेनं तिखट. नवरा गेला त्या वर्षी कस्तुराबाई धंदा सोडून परत निपाणीला निघाली होती, तेव्हा ह्या माणसानं तिच्या पुढ्यात केराचं पोतं आणून आपटलं होतं आणि म्हटलं होतं, "हे कोण धुणार, तुमचा बा?" तेव्हापासून दर भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायची. जगात तिला माहेर म्हणून एवढंच होतं.

त्रेसष्टच्या जानेवारीत रेडिओवर बातमी आली. चीनची लढाई झालेली, देशाला सोनं हवं. यापुढं चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. चौदा कॅरटचं मंगळसूत्र कोण मुलीच्या गळ्यात घालणार? गिऱ्हाइकं आलीच नाहीत. आठवड्याभरात गल्लीतली ठोकठोक थांबली, आणि ती शांतता कस्तुराबाईला मुळीच आवडली नाही.

केर बदलला. आधी सोनं कमी झालं. मग नुसती राख. मग राखही थंड, जुनी. मार्चमध्ये गल्लीच्या दोन टोकांची दोन दुकानं कायमची मिटली. दोघाही सोनारांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं. मुलाम्याला लागणारं विष सोनाराच्या हाताशीच असतं, त्यासाठी कुठं जावं लागत नाही. त्या दोघांचाही शेवटचा केर कस्तुराबाईनंच धुतला होता. त्यात काहीच नव्हतं, आणि ते पाहूनही आपण घरी बसून राहिलो, हे तिला रात्रंदिवस खात होतं.

म्हणून ती आता रोज दुपारी हणमंतरावांच्या उंबऱ्यावर जाऊन बसू लागली. त्यांनी बायकोला, वसुमतीला, माहेरी बेळगावला धाडलं होतं. शेगडी विझलेली. मागच्या फळीवर सुतळी बांधलेला विषाचा पिवळा डबा. कस्तुराबाई पान खात बसायची आणि त्या डब्यावरची नजर काढायची नाही.

"अक्का, घरदार नाही काय तुम्हाला?" हणमंतराव खेकसायचे.

"हाय की. पण तिथं भांडायला कोण नाही, अण्णा."

असे पंधरा दिवस गेले. मग एका सोमवारी त्यांनी कागदाची पुडी तिच्या हातात ठेवली. "काम आलंय. स्वल्पच हाय, पण हाय. जावा आता, केर धुवा. रोज रोज येऊन बसू नका, गिऱ्हाइक बिचकतंय."

घरी तिनं पुडी धुतली तर काथवटीच्या तळाला पिवळी रेघ उमटली. तिला रडूच कोसळलं. गेलं बाई संकट! त्या दिवशी तिनं गूळ घालून चहा केला आणि शेजारणीलाही पाजला. पुढच्या सोमवारी दुसरी पुडी, पुन्हा सोनं. तिसऱ्या सोमवारी पुडी घेताना तिला हणमंतरावांच्या बोटावर पांढरा पट्टा दिसला. बापाची अंगठी तिथं नव्हती.

"अंगठी कुठं गेली, अण्णा?"

"घट्ट व्हायली होती. सरी, ठीक हाय, निघा तुम्ही." आज ते खेकसले नाहीत. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "अक्का, जपून जावा."

वीस वर्षांत त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. पण हातात सोन्याची पुडी होती, आणि माणसाला सुख मानायची घाई असते. कस्तुराबाई घरी आली. नळाला पाणी होतं. तिनं पुडी काथवटीत उलटली आणि हात घालणार, तोच थांबली.

सोनं होतं. राख नव्हती.

शेगडी पेटल्याशिवाय दागिना होत नाही. दागिन्याच्या केरात काजळी असते, तारेची टोकं असतात, सांधताना गळालेले डागाचे मणी असतात, सोनाराचे दोन केस असतात. इथं नुसता कीस. एका रंगाचा, एकाच कानशीचा, जुन्या अस्सल सोन्याचा. पहिल्या दोन पुड्याही अशाच होत्या. डोळ्यांना दिसलं होतं, पण मनानं पाहू दिलं नव्हतं. काम आलंच नव्हतं. हणमंतराव बापाची अंगठी कानशीनं घासून तिच्या ओटीत टाकत होते. तिच्या चुलीसाठी, आणि तिनं उंबऱ्यावरून उठावं म्हणूनही. आज अंगठी संपली होती.

ती ओल्या हातानं, अनवाणी धावली. उन्हानं रस्ता तापलेला. बाजाराच्या गर्दीत एका हमालाला धडकली, त्याची शिवी खाल्ली, थांबली नाही. आपण तीन आठवडे घरी खुशीत बसलो आणि ते अंगठी घासत बसले, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हणमंतरावांचं दार आतून बंद.

"अण्णा!" तिनं दार बडवलं. "अण्णा, दार उघडा!"

आत काहीच हाललं नाही. विनवणीनं हा माणूस आयुष्यात कधी वळला नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हणमंतराव सोनाराचा केर खोटा हाय! तीन आठवडे मला खोटा केर विकला! बाहेर या आणि तोंड दाखवा!"

समोरच्या माडीवरची खिडकी उघडली. आत पाट सरकल्याचा आवाज झाला. मग कडी निघाली, आणि हणमंतराव दारात उभे राहिले, लाल डोळ्यांचे.

"कुणाचा केर खोटा?"

त्यांना बाजूला सारून कस्तुराबाई आत गेली. पाटासमोर पिवळा डबा होता, सुतळी सोडलेली, झाकण अजून घट्ट. तिनं तो उचलला, पदरात गुंडाळला आणि गाठ मारली.

"दुकानातून टाकायचं ते माझं, वीस वर्षांचा करार हाय," ती म्हणाली. "हेही टाकायचंच होतं."

मग समोरच्या माडीवाल्याला बेळगावला तार करायला सांगून ती उंबऱ्यावर बसली, आणि वसुमती बेळगावहून येईपर्यंत उठली नाही.