बनुबाई आणि बर्फात हरवलेली जहाजं

बनुबाई आमच्या रहिमतपुरातल्या मागच्या आळीतली. तिला वाचता येत नाही, पण ऐकणारे असे कान मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. नवरा कृष्णात फौजेत नाईक. एकाहत्तरच्या लढाईत बर्फातल्या चौकीवरून तो परत आला नाही. फौजेचा कागद वाचून घ्यायला ती माझ्याकडे आली आणि तेव्हापासून मी वाचायची त्या दुपारच्या पोथीला बसू लागली. मांडीवर सूप, सुपात तांदूळ.

आमच्या घरचे मास्तर, वाचनालयाचंही तेच बघतात. एकदा त्यांनी आणलेलं पुस्तक पोथीशेजारी पडलं होतं. त्यावर रुतून बसलेल्या जहाजाचं चित्र होतं.

"मास्तरीणबाई, ह्ये मिठागर हाय का वो?"

"बर्फ आहे. पार उत्तर ध्रुवाकडचा."

तिचा हात सुपातच थांबला. "वाचा की."

मग पोथीनंतर रोज चार पानं. इंग्रजांची दोन जहाजं, सव्वाशेच्या वर माणसं, बर्फातून समुद्राची वाट शोधायला गेली ती गेलीच. सरकारनं नावं काट मारून टाकली. कप्तानाची बायको मात्र काळे कपडे घालायला तयार नव्हती. शोधाला जहाजामागून जहाज धाडत राहिली.

"बराबर क्येलं बाईनं," बनुबाई म्हणायची आणि कपाळावरचं कुंकू नीट करायची.

दुसरं पुस्तक त्या शोधाचं होतं. ते मी आधी एकटीनं वाचलं. चौदाव्या वर्षी दगडांच्या ढिगात एक चिठ्ठी सापडली. कप्तान दोन वर्षांतच वारला होता. बनुबाईला वाचून दाखवताना मी त्याआधीच थांबले आणि सांगितलं, "गोष्ट इथंच संपते." देवासमोरच्या पाटावर बसून मी खोटं बोलले. माझ्या रोजनिशीच्या वहीत त्या दिवशी तेवढं एक वाक्य आहे, पुढे काही लिहवलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात तिच्या सासऱ्यांनी, हंबीररावांनी ठरवलं. धाकट्या बाळासोचं लग्न जमलं होतं. थोरल्याचं काही ठरल्याबिगर धाकट्यावर अक्षता टाकायच्या नाहीत. वाईहून गुरुजी बोलावले. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि बनुबाईच्या बांगड्या फोडायच्या.

त्या सकाळी ती धापा टाकत माझ्या दारात आली. "दोनी पुस्तकं घ्या आन् चला. गोऱ्या बाईनं किती वरसं दम धरला त्ये समद्यांस्नी वाचून दावा."

वाटेत मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

ओसरीवर परातीत पळसाची पानं भिजत होती. गुरुजी दोरा ओवत होते. चुलत सासू रंगुबाई बनुबाईच्या हातांकडेच बघत होती.

"आली का साक्षीदार? गोरीची गोष्ट ऐकून आमच्या पोराचं लगीन आडवतीस व्हय गं?"

"आईका तरी, आत्ती. वाचा, मास्तरीणबाई."

पहिलं पुस्तक वाचून थांबले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मनगटावर जपमाळ होती, ती घालून पुन्हा खोटं बोलवेना. मी दुसरं उघडलं. चिठ्ठी, तारीख, कप्तानाचं मरण, सगळं वाचलं.

"म्येलाच की तुजा कप्तान!" रंगुबाईनं मांडीवर थाप मारली. "फोडा बांगड्या."

बनुबाईनं माझ्याकडे एकदाच बघितलं. "मला का न्हाई सांगितलं?"

मी पुस्तक मिटू लागले. तिनं पानावर हात ठेवला. मग म्हणाली, "चिट्टीत म्येला असंच लिवलं हुतं?"

"हो. तारखेसकट."

"आन् चिट्टी गावायच्या आदी तिनं काळी कापडं घातली?"

"नाही."

ती आत गेली आणि देवळीतून फौजेचा कागद घेऊन आली. "आता ह्ये वाचा."

कागद हिंदीत होता. "लापता," मी वाचलं. "म्हणजे बेपत्ता."

"त्येच की त्ये!" रंगुबाई म्हणाली.

"त्येच कसं? मामंजी, तुमी फौजेत हवालदार हुता. म्येलेल्याला फौज लापता लिवती का?"

हंबीरराव खाली मान घालून बसले होते. गुरुजींचा दोरा थांबला.

"बोला की."

"न्हाई," हंबीरराव म्हणाले. "म्येलेल्याला वीरगती लिवत्यात."

गुरुजींनी हळूच सुई खाली ठेवली. "शास्त्रसुद्धा बारा वर्षं थांबायला सांगतं. घाई तुमचीच होती."

"मग बाळासोनं बारा वरसं बिनलग्नाचंच ऱ्हायाचं?" रंगुबाई ओरडली.

"का म्हून? माजा नवरा म्येला न्हाई, तर मंग आडलंय कुटं? करा की लगीन."

हंबीररावांनी भिजलेल्या पानांची परात बाजूला सारली. मग गुरुजींना म्हणाले, "पत्रिका आणतो. मुहूर्त काढा."

महिनाभर बनुबाई पोथीला आली नाही. मी निरोप धाडला नाही, धाडायला तोंड नव्हतं. वैशाखात बाळासोच्या हळदीला बोलावणं आलं म्हणून गेले. नवरीची ओटी भरायला सवाष्णी बसल्या होत्या. बनुबाई उठून त्यांच्यात बसली, तशा दोघी उठून बाहेर गेल्या. बनुबाईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. नवरीच्या पदरात तिनं खण, नारळ आणि तांदूळ घातले. मग कुंकवाचा करंडा उचलून नवरीला कुंकू लावलं, आणि करंडा माझ्यापुढे धरून स्वतःचं कपाळ पुढे केलं.